शेवटची पानं वाशीला गेली

एप्रिल लागला की माझ्या टेबलावर दोन गोष्टी एकदमच येऊन पडतात: उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आणि आंब्याची पेटी. पेटी विद्यार्थ्यांकडून येत नाही, हे आधीच सांगते, नाहीतर लोकांच्या भुवया वर जातात. ती अण्णांच्या बागेतून येते. आरे-वारेच्या वरच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, अण्णांची कलमं आहेत आणि त्या बागेतल्या शेडमध्ये मी एक अख्खा हंगाम पेट्या भरल्या आहेत. अण्णा ते विसरलेले नाहीत. पेटीवर खडूने माझं नाव घालतात आणि खाली लिहितात, 'मॅडम'. त्या शब्दात थोडी चेष्टा असते आणि बराच अभिमान.

यंदा नववीच्या इंग्रजीच्या पेपरात निबंध होता, 'मला आवडलेलं पुस्तक'. बेचाळीस मुलांपैकी जवळजवळ सगळ्यांना एकच पुस्तक आवडलं होतं. एका थोर पुरुषाचं आत्मचरित्र. आवडण्याची कारणंसुद्धा एकाच क्रमाने, गाइडात होती तशी. शेजारच्या टेबलावरच्या बाई वैतागून म्हणाल्या, "एकाने तरी काही वेगळं वाचलंय का बघा." मी पुढचा पेपर ओढला. तो निबंध मलाही पाठ होता. अजून आहे. तो पाठ असूनही मी परीक्षेत लिहिला नाही, ही माझ्या आयुष्यातली एकमेव धाडसी गोष्ट असेल. पेटी उघडली, पेंढ्याचा वास आला, की मला ती गोष्ट आठवते.

आमचं गाव आत, संगमेश्वराकडे. भाताची चार कुणगी, म्हणजे शेताचे लहान तुकडे, आणि मुंबईच्या एका हॉटेलात भट्टीसमोर उभे असलेले बाबा, एवढ्यावर घर चालायचं. घरात दहावीच्या पुढे कुणी गेलं नव्हतं. मी कॉलेजला रत्नागिरीत आले, मिरजोळ्याला आत्याकडे राहिले आणि पदवीचे सगळे विषय सोडवत गेले. एक इंग्रजी तेवढं राहिलं. एकदा बसले, नापास. दुसऱ्यांदा बसले, पुन्हा तेच. बाकी सगळ्या विषयांत पास असलेली मुलगी एका पेपरासाठी पदवीच्या उंबऱ्यावर उभी होती. आत्याने जवळच्या मासळीच्या कंपनीत माझ्यासाठी शब्द टाकून ठेवला होता. कोळंबी सोलायचं काम, जूनपासून.

"कितीदा बसनार गो तू त्या पेपराला?" आत्या भाकरी थापता थापता म्हणाली. "बस झाला आता. या खेपेला पास झालंस तर बरा, नायतर कंपनीचा डबा भरतंय मी तुजा."

आत्या वाईट नव्हती. तिने मला तीन वर्षं स्वतःच्या पोरीसारखं ठेवलं होतं. कंपनीच्या कामातही कमीपणा नव्हता, आमच्या आळीतल्या निम्म्या बायका तिथे जात. पण मी डबा भरून त्या गेटातून एकदा आत गेले की पुन्हा पुस्तकाकडे वळणार नाही, हे मला स्वतःबद्दल ठाऊक होतं. तिसरी परीक्षा मेच्या पहिल्या आठवड्यात होती. तोपर्यंत परीक्षेची फी आणि गाइड सुटावं म्हणून मी अण्णांच्या शेडमध्ये लागले.

शेडमध्ये आम्ही सहा-सात बायका. घळीने, म्हणजे काठीला बांधलेल्या जाळीने, उतरवलेला आंबा आला की डेख म्हणजे देठ बघायचं, डाग बघायचा, आकाराप्रमाणे वेगळा करायचा आणि पेटीत पेंढ्यावर रचायचा. फळाफळांमधल्या फटीत कागदाचे बोळे घालायचे, म्हणजे ट्रकात फळं एकमेकांवर आपटत नाहीत. बोळ्यांसाठी रद्दी लागते. वर्तमानपत्राची शाई उन्हात फळाला लागते, म्हणून चांगल्या पेट्यांना अण्णा पुस्तकांचा कागद वापरत. त्या वर्षी चिपळूणच्या रद्दीवाल्याने त्यांना दोन पोती इंग्रजी पुस्तकं दिली. पोफळीच्या वीजकेंद्राच्या कॉलनीतले कुणी इंजिनिअर निवृत्त होऊन क्वार्टर सोडताना ठेवून गेले होते म्हणे. सगळी खिशात मावतील एवढी, पिवळ्या पानांची, आणि मुखपृष्ठावर रॉकेटं.

पुस्तक फाडायचीही एक रीत होती. सड्यावर वारा सुटतो. समोरून फाडलं तर पानं उडतात. म्हणून पुस्तक पालथं घालायचं, मुखपृष्ठ गुडघ्याखाली दाबायचं आणि मागून फाडत यायचं. मी या कामात तरबेज झाले होते. अण्णांच्या शेडमध्ये प्रत्येक पुस्तकाचा शेवट आधी संपायचा.

एका दुपारी, सकाळी मागून थोडंसंच फाडून ठेवलेलं पुस्तक पुन्हा हातात घेतलं आणि माझी नजर एका ओळीवर पडली. सहज वाचली, कळली. पुढची वाचली, तीही कळली. मी हात थांबवला आणि मागे मागे जात पुस्तकाच्या सुरुवातीला पोचले, मग जमेल तेवढं चाळत पुढे आले. एक कप्तान, सात माणसांचं जहाज, वाट चुकून ताऱ्यांच्या पलीकडे कुठेतरी गेलेलं. घरी पाठवलेला निरोप पोचायला अकरा महिने लागतात आणि उत्तर यायला आणखी अकरा. तरी कप्तान रोज ठरलेल्या वेळी यंत्रासमोर बसतो आणि बायकोला दिवसभरात काय झालं ते सांगतो. ती ऐकते आहे की नाही, त्याला माहीत नाही.

हा माणूस मला ओळखीचा वाटला. बाबा दर रविवारी सकाळी दहा वाजता गावातल्या वाण्याच्या दुकानात फोन करायचे. आई नऊपासून दुकानाच्या पायरीवर बसायची. कधी लाइन लागायची, कधी नाही. लाइन लागली नाही तरी आई अकरापर्यंत हलायची नाही. तिकडे बाबाही तितकाच वेळ बूथबाहेर उभे असणार, याची तिला खात्री होती.

कुणी म्हणेल, ग्रहताऱ्यांच्या गोष्टी म्हणजे पळवाट. असेल. पण मी त्यातून कुठे पळाले नाही. मी थेट आमच्या वाण्याच्या पायरीवर जाऊन बसले. एप्रिलच्या उन्हात बागेबाहेरचा सडा काळाभोर तापलेला असायचा, वर झाड नाही, गवताची काडी नाही. परका ग्रह कसा दिसतो हे मला कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही. फक्त आमच्याकडे त्याच्यावर आंबा होतो, एवढाच फरक.

पुस्तक मात्र एका वाक्याच्या मध्येच तुटलं होतं. कप्तानाच्या समोरच्या फळीवर एक दिवा होता, संदेश आला की पेटणारा. दोन वर्षं तो विझलेला. आणि शेवटच्या शिल्लक पानाच्या शेवटच्या ओळीत: 'दोन वर्षं विझलेला तो दिवा अचानक'. एवढंच. पुढचं मी स्वतःच फाडलं होतं, स्वतःच बोळे केले होते, आणि ती पेटी सकाळच्या ट्रकाने वाशीच्या बाजारात गेली होती.

"अण्णा, सकाळची गाडी कुठवर गेली असेल?" मी विचारलं.

"पनवेल गाठली असेल. का गो, डागी फळ भरलंस की काय?"

"नाय. पुस्तकाचा शेवट भरलाय."

अण्णांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "ऊन लागलंय हिला," ते शेडभर ऐकू जाईल असं म्हणाले, "कुणीतरी कोकम द्या."

त्याच संध्याकाळी मार्था सिस्टर शेडमध्ये आल्या. शेडला लागून चिऱ्याचा गडगा, कमरेएवढी दगडी भिंत, आणि गडग्यापलीकडे त्यांचं छोटं घर. सिस्टर म्हणजे नर्स. सरकारी दवाखान्यात आयुष्य काढून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या, रविवारी चर्चला आणि बुधवारी बाजारात जाणाऱ्या. त्यांच्या हातात चुरगळलेल्या पानांचा ढीग होता.

"अण्णा, तुमचं अंतराळ माझ्या अंगणात येतंय," त्या म्हणाल्या. "सकाळपासून तीनदा झाडलं. आताच कुठलंसं राक्षसी झुरळ लांबलचक मिशा हलवत माझ्या अबोलीत पडलं होतं. वाचून बघितलं मी. काय वाचतात लोक!"

मी धावत गेले, पण ती पानं दुसऱ्याच पुस्तकाची होती. माझा चेहरा पडला असणार, कारण सिस्टरांनी विचारलं, आणि मी सगळं सांगून टाकलं. कप्तान, दिवा, वाशी, तिसरी परीक्षा, कंपनीचा डबा, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकलं. दवाखान्यात हजारदा ऐकलेल्या माणसासारखं, मध्ये न बोलता.

"घरी पोचतो तो," त्या म्हणाल्या.

"तुम्ही वाचलंय?"

"छे! मी कशाला झुरळं वाचते. पण एवढी पानं लिहिणाऱ्याने त्याला घरी पोचवायचं नसतं तर रोज बायकोशी बोलायला कशाला बसवलं असतं? पोचतो. तू उद्यापासून चार वाजता ये माझ्याकडे. मोठ्याने वाच. चूक मी सांगीन."

सिस्टरांच्या घरात भिंतीवर येशूची तसबीर, तिच्याखाली लाकडी कपाट आणि कपाटात ओळीने कादंबऱ्या. त्यांची धाकटी बहीण परदेशात होती, ती दर नाताळात पार्सल पाठवायची. सगळ्या कादंबऱ्यांच्या मुखपृष्ठावर एक बाई, मागे गव्हाचं शेत आणि दूर कुठेतरी घोडा. माझं अंतराळ त्यांनी पहिल्याच दिवशी बाजूला ठेवलं. "यात शब्द अवघड. आधी हे वाच. यात पाव, दूध, घोडा, प्रार्थना आणि लाज. एवढ्या शब्दांत निम्मं इंग्रजी येतं."

खरंच तेवढंच होतं. ओसाड मुलखात एक शिक्षिका येते. गावात एक विधुर असतो, दोन मुलं, कमी बोलणारा. ती चुलीपाशी पाव करपवते. तो काही न बोलता करपलेला पाव खातो. दोघं एकमेकांवर रागावतात, देवावर रागावतात, मग पुन्हा प्रार्थनेला बसतात. शेवटच्या पानावर एक चुंबन, तेही चर्चच्या दारात, सगळ्यांसमोर. मी चौथी कादंबरी वाचताना म्हटलं, "सिस्टर, दहाव्या पानावरच कळतं कुणाचं कुणाशी लग्न होणार."

"मग?"

"मग पुढचं कशाला वाचायचं?"

सिस्टरांनी चहाची कपबशी खाली ठेवली. "हे बघ, मी चौतीस वर्षं वॉर्डात काढली. तिथे संध्याकाळी हसत बोलणारा माणूस सकाळी असेल की नाही, ते डॉक्टरलाही माहीत नसायचं. घरी आल्यावर मला असं काहीतरी पाहिजे असायचं, ज्याचा शेवट मला ठाऊक आहे. शेवट ठाऊक असला की माणूस वाटेत नीट बघतो. त्याने करपलेला पाव कसा खाल्ला, ते तुला दिसलं की नाही?"

"दिसलं."

"झालं तर मग. चल, पुढे वाच. आणि 'कम्फर्टेबल' असं तोंड वेंगाडून म्हणू नकोस, टेबल नाहीय त्यात कुठे."

पुढे मी साहित्य शिकले, शिकवलं. मोठी माणसं या दोन्ही जातींच्या पुस्तकांबद्दल कसं बोलतात ते ऐकलं. एक भाबडं, एक पोरकट, असं ते म्हणतात. मी वाद घालत नाही, पण मानतही नाही. ज्यांच्या घरात पुस्तकांची कपाटं होती, त्यांना पुस्तकाने परीक्षा घेतली तर चालतं. मला आधी एखाद्या पुस्तकाने आत ये, बस, म्हणायला हवं होतं. या पुस्तकांनी ते म्हटलं. त्यांनी माझ्याकडून कसलीही पूर्वतयारी मागितली नाही. करपलेला पाव आणि उशिरा पोचणारा निरोप, या दोन्ही गोष्टी मला आधीपासून येत होत्या.

आणि दोन्हींत एकच गोष्ट असते, हे मला सिस्टरांच्या घरापुढच्या ओट्यावर बसून वाचतानाच कळलं. एकीत माणूस गव्हाच्या शेतात हरवतो, दुसरीत ताऱ्यांत. दोन्हीकडे त्याला कुणाचंच उत्तर येत नसतं आणि तरीही तो रोजचं काम करत राहतो. सिस्टरांच्या कादंबऱ्यांतल्या बायका त्याला श्रद्धा म्हणत, माझा कप्तान त्याला ड्यूटी म्हणायचा. आई त्याला काहीच म्हणायची नाही. ती फक्त अकरापर्यंत पायरीवर बसायची.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी सिस्टरांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून पुटपुटत प्रार्थना केली. मी मनात आमच्या ग्रामदेवतेचं नाव घेतलं. दोघींनाही ते माहीत होतं, दोघींनाही चाललं.

पेपरात निबंध आला, 'मला आवडलेलं पुस्तक'. गाइडातला. मला पाठ असलेला. पेन टेकवलं की थोर पुरुष आपोआप उतरला असता. पण आधीच्या दोन्ही वेळी मी पाठ केलेलंच लिहिलं होतं. कुठेतरी एक शब्द आठवायचा नाही आणि मग पुढचं सगळं ढासळायचं. मी पाच मिनिटं नुसती बसले. मग लिहायला सुरुवात केली: 'मला आवडलेल्या पुस्तकाला शेवटची पानं नाहीत, कारण ती मी आंब्याच्या पेटीत भरली.'

लहान लहान वाक्यं. पाव, दूध, दिवा, घर. शेडमधला वारा लिहिला, रद्दी लिहिली, कप्तान लिहिला. त्या तुटलेल्या वाक्यापाशी आले तेव्हा मला थांबता येईना. मग मीच शेवट लिहिला. दिवा पेटतो. कप्तान जहाज वळवतो. बऱ्याच वर्षांनी त्याच्या गावातल्या वाण्याच्या दुकानात फोन वाजतो, वाण्याची बायको हातातलं माप टाकून पळत सुटते, आणि पायरीवर बसलेल्या बाईला हाक मारते.

बाहेर आले ती थेट सिस्टरांकडे गेले. सिस्टरांना शेवट सांगितला. त्या म्हणाल्या, "वाण्याचं दुकान? बरं. पोचला ना, मग झालं."

निकाल लागला तेव्हा आंबा संपून शेतात लावणी सुरू झाली होती. त्रेचाळीस मार्क. मी तो कागद घेऊन मिरजोळ्याला गेले. आत्याने तो उलटा-सुलटा पाहिला, अक्षर लागलं नाही, पण कळलं. ती आत गेली आणि घासूनपुसून ठेवलेला तो कंपनीचा डबा घेऊन आली. त्यात भरून मला शिरा दिला. "घे. डबा तुजाच हाय. आता शालेत ने." तो डबा अजून माझ्याकडे आहे. शाळेत तोच नेते.

आता सिस्टर थकल्या आहेत. डोळे जवळजवळ गेलेच. बहिणीची पार्सलं बंद होऊन बरीच वर्षं झाली, बहीणही गेली. मी रविवारी दुपारी जाते आणि मोठ्याने वाचते. तोच ओटा, वाचणारी तीच, ऐकणारीही तीच, फक्त दोघींचं काम बदललं आहे. त्या आता चुका काढत नाहीत. त्यामुळे मला उगीच चुकल्यासारखं होतं.

या वर्षी मार्चमध्ये जुनी पुस्तकं विकणाऱ्या एका माणसाच्या मोबाइलवरच्या यादीत मला ते मुखपृष्ठ दिसलं. तेच रॉकेट, तोच कोपऱ्यातला लाल तारा. मागवलं. सिस्टरांना सांगितलं तर त्या खूश झाल्या. "आण तुझी झुरळं. पहिल्यापासून वाच. आता मला ऐकायलाच पाहिजे."

पाच रविवार वाचलं. सहाव्या रविवारी ते तुटलेलं पान येणार होतं. मी आदल्या दिवशी चोरून पुढे वाचलं. वाचायला नको होतं. दिवा पेटतो खरा, पण निरोप घरून आलेला नसतो. दुसरं एक जहाज संकटात असतं आणि ते मदत मागत असतं. कप्तान घराच्या वाटेला लागू शकत असतो. तो जहाज उलट दिशेला वळवतो. तिथेच पुस्तक संपतं.

मी पुस्तक मिटलं. 'घरी पोचतो तो' एवढ्या एका वाक्यावर मी परीक्षेला गेले होते. आणि ते सांगणारी बाई आता अंधारात बसून त्याच वाक्याची वाट पाहत होती.

रविवारी त्या ओट्यावर येऊन बसल्या, साडीचा पदर नीट केला. मी वाचू लागले. 'दोन वर्षं विझलेला तो दिवा अचानक' इथवर आले आणि पुढे माझ्या तोंडून माझंच आलं. दिवा पेटला. जहाज वळलं. बरीच वर्षं गेली. फोन वाजला, बाई पायरीवरून उठली. मी इंग्रजीत, जमेल तेवढ्या पुस्तकी आवाजात, सगळं म्हटलं आणि थांबले.

सिस्टरांनी मान कलती केली. मग म्हणाल्या, "पान उलटल्याचा आवाज आला नाही."

मी पानाचा कोपरा बोटांत धरला.

"आणि त्या अंतराळवाल्यांच्या गावात वाण्याचं दुकान आलंच कसं? मी आंधळी झालेय गो, विसरभोळी नाही. खरं काय लिहिलंय ते वाच."

मी पान उलटलं. आवाज होईल असं उलटलं. आणि वाचलं, जसं होतं तसं, शेवटच्या पूर्णविरामापर्यंत. पलीकडे अण्णांच्या शेडमध्ये पेट्यांना खिळे ठोकणं चाललं होतं. एवढाच आवाज.

"बरोबर केलं त्याने," सिस्टर म्हणाल्या. "ड्यूटी सुटायच्या वेळेला पेशंट आला तर काय करणार? पर्स घेऊन निघणार का? मी नाही कधी निघाले." मग थोड्या वेळाने, "पण घरी पोचला पाहिजे तो. दुसरा भाग असेल याचा."

"नाही सिस्टर. शोधला मी. नाहीय."

"नीट शोधलास?"

"नीट शोधला."

त्यांनी हात लांब करून पुस्तक मागितलं. मागचं शेवटचं कोरं पान बोटांनी चाचपून पाहिलं, त्याच्यावर काहीच नाही याची खात्री करून घेतली आणि ते तसंच उघडं माझ्या मांडीवर ठेवलं.

"मग तू लिही," त्या म्हणाल्या. "एकदा त्याच्यावरच पास झालीस ना? या वेळी त्या दुसऱ्या जहाजालाही सोबत आण. आणि वाण्याचं दुकान राहू दे. चांगलं आहे ते."